बरं, ठेवते

आमच्या घोडबंदर रोडच्या ऑफिसात संवादकौशल्याचं ट्रेनिंग झालं. शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट डोक्यात भरली: आधी मुद्दा सांगा आणि थांबा.

मला आईच आठवली. कळव्याहून तिचा फोन आला की आधी भेंडीचा भाव, मग शेजारणीचे गुडघे, आणि "बरं, ठेवते" म्हणून झाल्यावर, "अरे हो, मावशीला ॲडमिट केलंय." त्याच संध्याकाळी मी तिला बाईंचा धडा ऐकवला, तोही आवाज चढवून.

दुसऱ्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये तिचा फोन आला. "घाबरू नकोस. लगेच घरी ये," म्हणाली आणि ठेवलाच. परत लावला तर उचलेना. ट्रॅफिकला, सिग्नलला, रिक्षावाल्याला शिव्या घालत मी कळव्याला पोचलो. बाबा निवांत पोहे खात होते.

"मिक्सर बंद पडलाय," आई म्हणाली. "तूच म्हणालास ना, मुद्दा सांगायचा आणि थांबायचं."

मी हात टेकले. मिक्सरचा प्लग नीट बसवला, चपला घातल्या आणि "निघतो" म्हटलं.

"अरे हो," आई दारातून म्हणाली, "हा फ्लॅट विकला आम्ही. पुढच्या महिन्यात गावी चाललोय, कायमचे."