जीप, जोंगा आणि पिवळा खडू

अरविंद गेला त्या सकाळी मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. ठरल्याप्रमाणे दहा वाजता मी घोडबंदर रोडवरून आत खाडीकडे उतरणाऱ्या कोळीवाड्यात, धर्मादादाच्या अंगणात हजर होतो. डोंबिवलीहून अरविंद यायचा होता. साडेदहा झाले, अकरा झाले, दोनदा चहा झाला. "यंदाही ठरवायचं नाही, म्हणून आलाच नाही बघा," असं धर्मादादाला म्हणत मी अकरा वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. तो बिचारा जाळं सांधता सांधता हं हं करत राहिला. पाय आपटत वर्तकनगरला घरी परतलो तर बायको दारातच उभी. अरविंदच्या घरून फोन येऊन गेला होता. सकाळी अंघोळीला म्हणून उठला आणि उभ्या जागी कोसळला... मी त्या अंगणात त्याच्या नावाने खडे फोडत होतो, तेव्हा त्याला जाऊन तीन तास झाले होते.

याला आता दीड महिना होईल. लोक म्हणतात, काळ गेला की दुःख निवतं. माझं दुःख निवेल तेव्हा निवेल, राग मात्र जागच्या जागी आहे. तो कोणावर काढायचा, हे मला गेल्या रविवारपर्यंत नक्की माहीत होतं.

आम्ही दोघं ठाण्यातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. अरविंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी सीनियर. आमच्या खात्याची एक शिस्त होती. पहिल्या तपासनिसाने गिअरचं चाक बघायचं आणि पिवळ्या मेणखडूने त्याच्या तळाला खूण करायची. चांगलं असेल तर बरोबरची, नसेल तर फुली. मग दुसऱ्याने तेच चाक बघायचं आणि आपली खूण वरच्या अंगाला करायची. पहिल्याने काय केलंय ते दुसऱ्याने उलटून बघायचं नाही आणि पहिल्याने तोंडाने सांगायचं नाही. दोन्ही खुणा जुळल्या की माल पुढे. दुसऱ्याची खूण होईपर्यंत तो लाल फळीवर, म्हणजे होल्डवर. अरविंद पहिला, मी दुसरा. वीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून हेच केलं आणि एकदाही मी चाक उलटून बघितलं नाही. अरविंदच्या तर हे हाडीमाशी खिळलं होतं. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला पिवळा डाग. आंब्याची पेटी आणली की पिकलेल्या आंब्यांच्या बुडाला गुपचूप खूण करायचा आणि वहिनींना म्हणायचा, "आता तू दाबून सांग." वहिनी वैतागायच्या. "अहो, माझ्या घराचा कारखाना करू नका," म्हणायच्या. आम्ही हसायचो... मी पण हसायचो, हे इथे लिहून ठेवतो.

आता अण्णा. अण्णा म्हणजे अरविंदचे वडील. तरुणपणी मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याच्या एका वाडीत त्यांनी शाळा चालवली. शाळा म्हणजे एक पडवी आणि सतरा-अठरा मुलं. त्या मुलांची आता नातवंडं झाली होती, पण दर दिवाळीनंतर त्यातला कोणीतरी तांदळाचं गाठोडं घेऊन डोंबिवलीला, कोपरच्या घरी यायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, एकदा येऊन जा." अण्णांचं एकच मागणं उरलं होतं, ती पडवी पुन्हा बघायची. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून ते काठीवर जेमतेम दाराशी येत. डांबरी रस्ता वाडीच्या सहा मैल अलीकडे संपायचा. पुढे बैलगाडीची वाट, दोन ओढे आणि एका जागी दोन कातळांमधली चिंचोळी खिंड. बैलगाडीचे धक्के अण्णांना सोसणार नव्हते. भाड्याची गाडी आम्ही एकदा करून पाहिली. ड्रायव्हरने पहिल्याच ओढ्यापाशी हात वर केले, अण्णांनी गाडीतूनच डोंगराला नमस्कार केला आणि आम्ही परतलो. त्या संध्याकाळी अरविंद अण्णांना म्हणाला, "मी तुम्हाला माझ्या गाडीतून नेणार. थेट पडवीपर्यंत."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चारही चाकांना जोर असलेली गाडी म्हणजे आमच्यासारख्यांना जुनीच परवडणार. शोधता शोधता धर्मादादा सापडला. पावसाळ्यापूर्वी होड्या चिखलातून ओढून वर घ्यायला त्याने लष्कराच्या लिलावातून गाडी आणली होती. लॉट दोन गाड्यांचा असल्यामुळे आल्या दोन, एक जीप आणि एक जोंगा. त्याला एकच पुरे होती. "तुमाला कंची पायजे ती घेवा," तो म्हणाला, "रव्हंल ती माझी." जीप बुटकी, अरुंद, हलकी, आपल्या अंगणातली वाटावी अशी. जोंगा म्हणजे दांडगा प्राणी. सहा सिलिंडरचं इंजिन, मागे ऐसपैस जागा, पेट्रोल मात्र बघता बघता पिणारा. गाडी दोघांत मिळून घ्यायची हे ठरलेलंच होतं. पहिल्या दिवशी अरविंद दोन्ही गाड्यांच्या खाली शिरला, सीटा काढल्या, चारही चाकांना जोर देणारा दांडा पुढेमागे करून बघितला, चिखलात घालून बाहेर काढल्या. संध्याकाळी हात पुसत मला म्हणाला, "माझं झालं. आता तू बघ."

मी बघितल्या. मला जीप हवी होती, आजही सांगतो. त्या खिंडीची रुंदी मी स्वतः टेपने मोजून आलो होतो. जोंगा गेला असता, पण दोन्ही बाजूंना चार चार बोटं ठेवून. दुसऱ्या ओढ्यात उतार असा, की जड गाडी उतरली तर वर येईल याची खात्री नाही. पण अण्णांचा पाय लांब करायला जागा जोंग्यात होती, आणि अण्णा शेवटी त्याचे वडील. शिवाय तो सीनियर. त्याच्या मनात जोंगा असेल आणि मी आधीच जीप म्हणून मोकळा झालो तर तो माझ्या शब्दाखातर गप्प बसेल, असं मला वाटलं. म्हणून मी विचारलं, "तुझं काय ठरलं?" तो म्हणाला, "तू नीट बघितलीस का?" झालं! मला वाटलं, माझं काहीतरी बघायचं राहिलंय. मी पुन्हा जीपखाली शिरलो.

त्यानंतर हे भिजत घोंगडं किती वर्षं पडून राहिलं, काय सांगू! पावसाळा संपला, ओढे उतरले, की आम्ही धर्मादादाकडे. तो एक रविवार जीप द्यायचा, एक रविवार जोंगा. खाडीकाठच्या चिखलात आम्ही त्या पळवायचो. अण्णांनाही भाड्याच्या गाडीने आणायचो; ते अंगणात खुर्चीवर बसत आणि मजेत विचारत, "काय रे इन्स्पेक्टर, आज कोण पास?" अरविंद माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. "तू बघितलीस का?" "बघितली की! तू बोल." "मी काय बोलू? तू बघितलीस ना नीट?" दर वेळी हेच. एकदा तर धर्मादादाने जाळं खाली टाकलं. "अवो सायेब, पोरगी बगाला आल्यावानी वरसांवरसं निसती बगताव! तिसरा गिऱ्हाईक आला तरी मी नाय म्हनतंय, तुमाला सबूद दिला म्हनून. एकदा कईं तरी बोला!" आम्ही दोघंही ओशाळून हसलो आणि बोललो मात्र नाही.

चौथ्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले. त्या माघात मी कोपरला गेलो, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "सुधीर, यंदा होईल का रे?" मी बाहेर आलो आणि गच्चीवर अरविंदला धरलं. "अरे, बापाचा प्रश्न आहे, गिअरच्या चाकाचा नाही! कुठलीही घे, पण घे!" तोही तापला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. "कुठलीही? कुठलीही कशी घेऊ? तू काही बोलतोस का?" मला वाटलं, आपला अनिश्चितपणा हा माझ्या माथी मारतोय. मी जिना उतरून निघून गेलो. तीन आठवड्यांनी अण्णा गेले. पडवी राहिली. स्मशानात वाडीचे चौघं आले होते, त्यातल्या एका म्हाताऱ्याने सोबत आणलेली शाळेच्या अंगणातली माती अण्णांच्या पायाशी ठेवली. अरविंदने ती बघितली आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला माफ केलं नाही.

एवढ्यावर हा विषय संपायला हवा होता. पण वाडीतल्यांनी पडवीच्या जागी दोन खोल्या बांधल्या आणि अण्णांचा फोटो लावायला मागितला. अरविंदने फोटो मोठा करून, चौकट करून घेतला आणि हट्ट धरला, अण्णांना गाडीतून नेणार असं सांगितलंय, तर फोटो गाडीतूनच जाईल. म्हणजे पुन्हा धर्मादादाचं अंगण, पुन्हा जीप, पुन्हा जोंगा. आमच्यात आता अण्णांचा विषय निघत नसे. घोडबंदर रोडच्या कडेला इमारती उभ्या राहू लागल्या, धर्मादादाच्या भावकीने जमिनी विकल्या, जोंग्याचा पत्रा खाडीच्या हवेने खाल्ला. फोटो कोपरच्या घरात कपाटावर कागदात गुंडाळलेला. अरविंद निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, "आता या हिवाळ्यात नक्की. तू एकदा शेवटचं बघून घे." मी खेकसलो, "मी नाही, तू बघ!" त्याने खिशातला खडू चाचपला. मग म्हणाला, "बरं. रविवारी दहाला." तोच तो रविवार.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. अरविंदच्या शर्टांच्या खिशांतून निघालेले खडूचे तुकडे त्यांनी वाटीत जमवून ठेवले होते. त्यातला एक माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच धर्मादादांना सांगा, आम्हाला दिलेल्या शब्दातून मोकळे झालात म्हणून. गाड्या विका म्हणावं." मला जायचं नव्हतं. महिनाभर टाळलं. गेल्या रविवारी गेलो.

धर्मादादाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि उठून जीपची सीट काढायला लागला. जीप भंगारात जाणार, सीट तो घरातल्या बाकड्याला वापरणार होता. सीट त्याने उलटी करून माझ्या पायाशी ठेवली. खालच्या फळीवर पिवळ्या खडूने बरोबरची खूण होती. लांब शेपटीची, अरविंदची. खाली त्याच्या सवयीप्रमाणे महिना आणि वर्ष. आम्ही गाड्या पहिल्यांदा बघितल्या, तोच महिना.

"ती खून कवापासून हाय," धर्मादादा म्हणाला. "मना वाटला, मिल्ट्रीची असंल."

मी धावत जाऊन जोंग्याची सीट उपसली. खाली फुली होती.

त्याचं पहिल्याच संध्याकाळी ठरलं होतं. जीप पास. पुढची सगळी वर्षं तो माझ्या खुणेची वाट बघत होता. "तू नीट बघितलीस का?" हा टोमणा नव्हता, तो दुसऱ्या तपासनिसाला विचारत होता. आणि मी सीनियर आधी बोलेल म्हणून थांबलो होतो, पहिल्याने तोंडाने सांगायचं नसतं हे वीस वर्षं पाळून! अरे गाढवा, एकदा शिस्त मोडली असतीस... एकदा कानात सांगितलं असतंस... अण्णा बसले असते रे त्या पडवीत! हे मी मोठ्याने म्हणालो, धर्मादादाच्या अंगणात. मग लक्षात आलं, की सीट उलटायला मलाही कोणी धरून ठेवलं नव्हतं. अरविंदचं काम पहिल्याच दिवशी झालं होतं. होल्डवर माल माझ्यामुळे पडला होता.

खिशात खडू होता. मी सीट सुलटी केली, वरच्या फाटक्या रेक्झिनवर बरोबरची खूण केली, खाली महिना आणि वर्ष लिहिलं. धर्मादादा बघत होता. त्याने सीट उचलली, परत जीपमध्ये जागेवर बसवली, वरून फडका मारला.

"जालं ना मंग ठरून? आता नेताव ना?"

मी म्हटलं, "कोणाला बसवून नेऊ, धर्मादादा?"