स्वित्झर्लंडमधल्या मजुरांसाठी रुमाल

हीटरवरची धूळ जळल्याचा वास आला, की मला बहरीनमधल्या आमच्या मंडळाचा प्रोजेक्टर आठवतो. ऐंशीच्या आसपास नईम भागातल्या एका हॉलमध्ये स्विस माहितीपट लावला होता. त्यात स्वित्झर्लंडमध्ये कामाला आलेले, बराकीत राहणारे इटालियन मजूर होते आणि त्यांना बायकामुलं आणायला बंदी होती. आमचे अध्यक्ष देशमुखसाहेब, एका कंपनीतले बडे अधिकारी, रुमालाने डोळे पुसत म्हणाले, “काय निर्दय लोक हो!” मला तेव्हा ते केवढे हळवे वाटले होते!

दिवे लागले, समोसे फिरले. त्यांच्याच हाताखालचा फिटर, वसईचा पास्कल, अदबीने पुढे आला. “साहेब, माझ्या फॅमिली व्हिसाचं…”

“मफी! नाही म्हणजे नाही, किती वेळा सांगायचं? कामगारांच्या कॅम्पात काय कमी आहे तुला?”

आणि त्याच ओल्या रुमालाने साहेबांनी बोटांवरचं समोशाचं तेल पुसलं.