याकोबची न लागलेली कुस्ती

सन १९४४. मी बावीस वर्षांचा होतो आणि प्रवरेकाठच्या आमच्या भागात माझी पाठ कुणी मातीला लावली नव्हती. याकोबचीही नव्हती. तो आमच्याच गावचा, ख्रिस्ती आळीतला, माझ्याच तालमीतला. गेल्या महिन्यात तो केडगावला लेकीच्या घरी झोपेतच गेला. लेकीचा, सुशीलेचा, सांगावा आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. ऐकलं, आणि डोळ्यांपुढे त्याचं म्हातारं तोंड आलंच नाही. आली ती तांबडी माती... तेल-ताक पाजून मऊ केलेली, हळदीचा वास येणारी, आणि तिच्यात मांडी घालून बसलेला तरणाबांड याकोब. तेव्हापासून ते चित्र हलत नाही. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस. लोक म्हणाले, हे सगळं मास्तरांकडून लिहून घ्या. मी म्हणालो, याकोब माझा होता, मास्तरांचा नव्हता.

आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. शेवटची कुस्ती मानाची. दोघांनी एकमेकांच्या अंगाला माती लावून हात मिळवले, म्हणजे जोड लागली, की मग पंच उपरणं पसरून गर्दीत फिरतात आणि लोक खुशीने त्यात टाकतात. त्याआधी कुणी कनवटीला हात लावत नाही, अशी रीतच आहे. त्यातून पैलवानांचं बक्षीस निघायचं, उरेल ते गावाच्या कामाला. आदल्या साली माझी आणि याकोबची कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली आणि बरोबरीत सोडवली. या साली पंचांनी ठरवलं, निकाल लागल्याशिवाय सोडायची नाही. मी वर्षभर तेवढ्यासाठीच जगलो म्हणा ना. जोर काढताना याकोब, दूध पिताना याकोब, झोपेतसुद्धा याकोबचीच मानगूट माझ्या हातात.

लढाई दूर कुठेतरी चालली होती. आमच्यापर्यंत ती आली ती अशी, की दुकानात रॉकेल नाही, कापड नाही आणि हिवतापावरचं कोयनेल नाही. पाटाचं पाणी साचून डास झालेले, आळीत घरोघर हिवताप. भर उन्हात माणसं गोधडी पांघरून कुडकुडायची. याकोबची धाकटी बहीण मार्था तशीच कुडकुडत गेली. तिच्यासाठी तो नगरपर्यंत चालत जाऊन आला होता. जिथे विचारलं तिथे एकच उत्तर, सगळं कोयनेल पलटणीला गेलं. आणि मार्था गेल्यावर थोड्याच दिवसांनी गावात दवंडी फिरली, या साली हगाम्याचं उपरणं लढाई फंडाला जाणार, मामलेदार स्वतः येणार.

हगाम्याच्या आदल्या दिवशी आखाडा खणायचं काम आम्हा दोघांकडे असे. मी खोऱ्याने माती वर काढत होतो, तो ढेकळं फोडत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "रंगा, उद्या मी बसनार हाय."

"कुठं?"

"हितंच. मातीत. तोफंसाठी मी कुस्ती धरनार न्हाई. कोयनेलसाठी उपरनं फिरवत असतील, तर धरीन."

"अन् मी काय करू? तुझ्या तोंडाकडं बघत उभा ऱ्हाऊ?"

"तुझं तू बघ," म्हणाला, आणि ढेकूळ फोडायला लागला.

मला लई राग आला. माझ्या निकालाचं काय? पण त्याने मला 'तूपण बस' असं म्हटलं नाही हे बरं केलं. म्हटलं असतं तर मी बसलो नसतो. आमच्या घराण्यात सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. धूळ उडून उन्हात सोन्यासारखी लोंबकळत होती, माणसं झाडांवर चढून बसली होती. मामलेदार खुर्चीवर, शेजारी फौजदार. पंचांनी ओरडून सांगितलं, "आज असं टाका, की जपान्याची पाठ मातीला लागली पाहिजे!" लोक हसले. हलगी कडाडली. आम्ही दोघे लांग कसून उतरलो. मी मूठभर माती घेऊन पुढे झालो. याकोबनेही घेतली. कपाळाला लावली, परत खाली ठेवली अन् मांडी घालून बसला. लहान मूल पाटावर बसावं तसा.

हलगी थांबली. मग जो गलका उठला! "याकोब्या, पोटात गोळा आला का रं?" "आरं रंगा, बांगड्या भर त्याला!" मामलेदारांनी विचारलं, काय भानगड आहे? याकोब बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, तोफंला हिवताप येत न्हाई. आमच्या आळीला येतो. हे उपरनं कोयनेलला द्या, आत्ता उठतो."

मामलेदारांनी तोंड फिरवून पंचांकडे पाहिलं. पंच घाईघाईने माझ्याकडे आले, माझा हात धरून वर करायला लागले, "रंगनाथ उभा हाय, रंगनाथ जिंकला! फेटा आना रे!" आणि तिथे माझं डोकं फिरलं. न पाडता मला जिंकवणार? मी काय भीक मागायला उतरलो होतो? मी हात हिसडला आणि याकोबसमोर बसलो. मांडीला मांडी लागेल असा. शांततेसाठी बसलो असं आज कुणी म्हणेल, पण मी हट्टाने बसलो. मात्र बसल्यावर काय झालं कुणास ठाऊक... माती गार होती. गलका लांब लांब गेल्यासारखा वाटला, पाण्याखालून ऐकू यावा तसा. याकोबच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. हळूच म्हणाला, "मार्था आसती तर लई हासली आसती."

पंचांनी उपरणं तरीही फिरवलं, पण जोड लागली नव्हती म्हणून ते रिकामंच आलं. मामलेदार निघून गेले. कोयनेलही आलं नाही, खोटं कशाला सांगू? पंचांनी आम्हा दोघांना हगाम्यात कायमची बंदी घातली. आमचा निकाल राहिला तो राहिलाच.

राज्य बदललं, याकोब बदलला नाही. निवडणुकीला जो उभा राहील त्याला विचारायचा, पलटणीला इतकं, मग दवाखान्याला का नाही? लोक त्याला येडा म्हणायचे. केडगावला राहायला गेल्यावर लांबून लष्कराच्या तोफांचा सराव ऐकू यायचा. धडाम झालं की बशीतला चहा थांबवून म्हणायचा, "गेला एक दवाखाना." परत धडाम. "गेली एक शाळा." सुशीला हसून म्हणे, "बाबा, चहा गार झाला."

त्याला मातीत ठेवून आम्ही मागे वळलो, तिथेही एक म्हातारा माझ्याजवळ आलाच. "रंगनाथराव, लागली आसती तर कोन जिंकलं आसतं वो?" जन्मभर मला हेच विचारत आले आणि जन्मभर मी मिशीवर हात फिरवत आलो. आता याकोब नाही. तो कधी कुणाला बोलला नाही, म्हणून मला बोलणं भाग आहे.

हगाम्याच्या दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटायच्या आत, मी नदीवर गेलो. याकोब वाळूत येऊन थांबला होता. आम्ही बोलून ठरवलं नव्हतं. हलगी नाही, फेटा नाही, धुकं नुसतं पाण्यावरून चाललेलं. आम्ही एकमेकांच्या अंगाला वाळू लावली, हात मिळवले. किती वेळ गेला कळलं नाही... मग त्याने ढाकेचा डाव टाकला आणि मला एकदम सगळं आभाळ दिसलं. मी तसाच पडून राहिलो. लाजेने म्हणा, नाहीतर आभाळ फार चांगलं दिसत होतं म्हणून म्हणा. याकोब वरून वाकला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ऊठ की गड्या. लढाईत पडलाय व्हय?"

मी त्याचा हात धरून उठलो.