सतरा नंबरचं डोकं

ताई स्वस्थ बसलेली मला आठवत नाही. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायची, आणि बदलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत परतली तरी हात चालूच. वर्तमानपत्राची घडी घाल, उलगड, पुन्हा घाल. गेल्या श्रावणात ती गेली. तेव्हापासून माझंही तसंच झालं आहे. वाचायला बसतो, उठतो. खिडकी लावतो, उघडतो. हेसुद्धा चार बैठकांत लिहितो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माणूस बोटं हलवतो तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, याचा अभ्यास मुंबईच्या एका इस्पितळातले डॉक्टर करत होते. एमआरआय मशीनमध्ये सहा मिनिटं पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या लागोपाठ शंभरेक प्रतिमा निघत. अभ्यासाआधी त्या नीट कराव्या लागत. पहिल्या प्रतिमेवर पुढची प्रत्येक बरोबर बसवायची, डोकं किती हललं ते मोजायचं, खरखर कमी करायची. हाताने करायचं तर एका माणसाला एक दिवस जाई. सगळी डोकी एकामागून एक आपोआप व्हावीत म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचना, लिहायचं काम माझ्याकडे आलं.

संगणक होता उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या एका सिंधी शेठच्या गाळ्यात डॉक्टरांनी तो ठेवला होता. तिथे शुक्रवारी लाइट जायची.

"साईं, जो करना है गुरुवार को कर लो," शेठ म्हणायचा. "शुक्रवारी तुझा मेंदू पण बंद, माझा पंखा पण बंद."

लाइट गेली की अर्धं काम वाया जाई आणि सगळं पहिल्यापासून करावं लागे. म्हणून मी एक युक्ती केली. एका माणसाचं काम पुरं झालं की स्क्रिप्ट त्याच्या फोल्डरमध्ये 'झालं' अशा अर्थाची एक रिकामी फाइल ठेवी. पुन्हा सुरू केल्यावर ती फाइल दिसली की तो फोल्डर सोडून पुढे जाई. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

डॉक्टरांना निरोगी माणसं कमी पडत होती. ताईला घरी सहज बोललो, तर ती म्हणाली, "मी येते की. बोटं हलवायचीच ना? वीस वर्षं दुसरं काय केलंय?"

तिला सतरा नंबर मिळाला. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हललेलं डोकं स्क्रिप्ट बाद करी, आणि सतरा बाद झाला. कारण मला लगेच कळलं. कारखान्यात प्रत्येक पट्टीबरोबर मान हलवायची तिला सवय होती. बोटं चालली की मान चालायची. तीनचं चार करावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. केलं नाही. पण तेव्हाच ठरवलं, की यापुढे तिच्या नंबराकडे वेगळं म्हणून बघायचंच नाही.

"नापास?" ती म्हणाली. "शाळेतसुद्धा झाले नव्हते. डॉक्टरांना सांग, मी परत येते."

मग आठवडाभर घरात सराव. ती जमिनीवर उताणी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या शब्दकोशाचे दोन खंड, कानांत कापूस. मशीनचा आवाज म्हणून मी स्टीलचा डबा चमच्याने बडवायचो.

"नाक खाजतंय."

"बोलू नको. बोललं की हलतं."

"मग तू खाजव. शिकलेला आहेस ना एवढा?"

ती पुन्हा मुंबईला जाऊन आली. नव्या प्रतिमा मी सतराच्या फोल्डरमध्ये जुन्यांच्या जागी टाकल्या, गुरुवारी स्क्रिप्ट लावलं, शेवटची ओळ नीट आलेली पाहिली आणि सीडी डॉक्टरांकडे दिली. माझ्या मनाशी ठरल्याप्रमाणे सतरा उघडून पाहिला नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्या लेखाचा मसुदा वाचायला आला. त्यात तेवीस माणसं होती. मी चोवीस धरली होती. गाळ्यात जाऊन यादी उघडली. सतरा अजून 'बाद'मध्ये होता. बाद डोक्याच्या फोल्डरमध्येही 'झालं'ची फाइल पडायचीच; जुन्या प्रतिमा मी काढल्या होत्या, ती फाइल काढायची राहिली होती. स्क्रिप्टने ती पाहिली आणि ते पुढे गेलं. ताईच्या नव्या प्रतिमांना हातही लागला नव्हता.

कोपऱ्यावरच्या पीसीओतून डॉक्टरांना फोन केला.

"आता लेख पाठवून झाला हो," ते म्हणाले. "एका माणसाने काय फरक पडतो?"

त्या संध्याकाळी ती भाजी निवडत होती. "काय रे, माझं डोकं आलं का कामाला?"

"आलं ना," मी म्हटलं.

मग काय, चाळभर झालं. चामटोलीहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाही तिने सांगितलं, की डॉक्टरांच्या पुस्तकात माझा मेंदू आहे. मी दर वेळी पुस्तकात डोकं घालायचो. आज सांगू, उद्या सांगू. वर्षं गेली.

शेवटच्या आजारात तिच्या डोक्याचा स्कॅन काढायचा होता. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, हलायचं नाही हं."

"मला नको शिकवूस," ती म्हणाली. "एकदा नापास झालेय, दुसऱ्यांदा पास. हा माझा भाऊ, यानेच तपासलंय."

तो माझ्याकडे बघून हसला. मी तिच्या चपला हातात घेऊन बाहेर बाकावर बसलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

तेराव्यानंतर जुन्या सीडीची प्रत शोधून काढली. स्क्रिप्ट आजच्या संगणकावर चालेना. दोन दिवस दुरुस्त्या केल्या. मग सतरामधली ती रिकामी फाइल पुसली आणि एकट्या सतराचं काम लावलं.

हालचालीचा आलेख आला. सहा मिनिटं, रेषा जवळजवळ सपाट. एक मिलिमीटरसुद्धा नाही. चौथ्या मिनिटाला ती जराशी वर उचलली जाते आणि परत खाली येते. नाक खाजलं असणार. तिने खाजवलेलं नाही.