बहात्तर वेढे

आमच्या गल्लीत कोणाचीही मोटार जळली की ती वेढेकाकांकडे यायची. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती वाचायची कोणाला गरज पडली नाही. जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार फर्म्यावर गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. कॉइलला बहात्तर वेढे हवेत तर बहात्तरच. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान शेजारीच, मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांचं मोजणं दिवसभर माझ्या कानावर. तार गुंडाळायच्या हातमशीनचा वेढे मोजणारा काटा कधीच मोडला होता. काका तोंडानं मोजायचे, तेही नुसतं एक, दोन नाही. ‘देवा एक, देवा दोन, देवा तीन’ असं बहात्तरपर्यंत.

मी देव-बिव मानणारा नाही. एकदा म्हणालो, काका, इतक्या हाका मारता, तो कानात बोटं घालून बसला असेल. ते हसून म्हणाले, बसू दे, त्याच्याशी माझं काही काम अडलेलं नाही. माणूस असा, की चिडवायचीही सोय नाही.

मागच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. मूलबाळ नाही. काकूही धंद्यातल्याच म्हणायच्या. फर्म्यावरून उतरलेली कॉइल सुटू नये म्हणून चार ठिकाणी दोऱ्यानं बांधावी लागते, ते काम त्यांच्याकडे. त्यांचा हात असा बसला होता की कॉइल तळहातावर घेतली तरी कमी-जास्त कळायचं.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या. काकांनी सगळ्यांना सांगितलं की गाठ साधी होती, आता गोळ्यांवर भागेल. मीही मान डोलावली. भेटायला येणारे ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून चहा पिऊन जायचे.

त्याच महिन्यात लॉन्ड्रीवाला तणतणत आला. काकांनी भरून दिलेली मोटार आठ दिवसांत जळली होती. मागोमाग पिठाच्या गिरणीची मोटार परत आली. वेढे कमी पडले की मोटार तापते आणि जळते, एवढं मलाही कळतं. चाळीस वर्षांत एकही मोटार परत आली नव्हती त्यांची. मी जाऊन चार शब्द सुनावले, की आता वय झालं, तो काटा दुरुस्त करून घ्या. काकांनी दुकानाचं दार लोटलं आणि मला खरं सांगितलं. गाठ साधी नव्हती. पोटभर पसरली होती. डॉक्टरांनी काही न काढता पोट पुन्हा शिवून टाकलं होतं. महिने की वर्षं, सांगता येत नाही म्हणाले.

“मोजताना मध्येच तोंडातून निघून जातं, देवा, तिला राहू दे,” काका म्हणाले. “तोंड आकडा घेऊन पुढे जातं आणि हात तिथेच थांबलेला असतो.”

माझ्या दुकानात येऊन मी दिवसभर एकाच किल्लीला कानस लावत बसलो.

पुढचं मला काकांनी नंतर सांगितलं. उठून बसवतंय म्हटल्यावर काकूंनी काम मागून घेतलं. पहिलीच कॉइल बांधून तळहातावर घेतली आणि त्या थांबल्या. नखानं एकेक तार मोजली, पुन्हा मोजली.

“अहो, हिच्यात पाच कमी आहेत.”

काका म्हणाले, तार घसरली असेल.

“तुमची तार कधी घसरत नाही. डॉक्टर काय म्हणाले, ते आता सांगा.”

सांगावं लागलं. काकू रडल्या नाहीत. बांधलेले दोरे त्यांनी एकेक करून सोडले आणि मग विचारलं, “आणि देव आहे, तो बघून घेईल असं जे सांगता, तेही डॉक्टरांसारखंच का? मला बरं वाटावं म्हणून?”

दोन दिवस दुकान बंद होतं. आजारी माणसाशी एकदा खोटं बोललं की पुढचं खरंही खोट्याच्याच भावानं जातं, आणि हे त्यांना कळलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते काकूंजवळ बसून म्हणाले की मला माहीत नाही. विश्वास ठेवतो, पण माहीत म्हणशील तर नाही.

काकूंनी म्हणे केवढा तरी श्वास सोडला. “मला वाटायचं तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि मीच एकटी मागे राहिले. आता दोघं मिळून विश्वास ठेवू. एकट्याला जड जातं.”

त्यानंतर भिंतीपलीकडून दोन आवाज यायला लागले. काकूंची खाट त्यांनी मशीनजवळ आणली होती. काका ‘देवा’ म्हणायचे, आकडा काकू घालायच्या. ‘तिला राहू दे’ हे मागणं बंद झालं. एकही मोटार परत आली नाही. काकूंचा आवाज मात्र बारीक होत गेला, आणि मी हातातलं काम थांबवून ऐकायला लागलो. शेवटी शेवटी दोन ‘देवा’च्या मधल्या जागेवरूनच कळायचं की त्या आकडा म्हणताहेत.

असं मोजणं सुरू झाल्याच्या अकराव्या आठवड्यात, भर दुपारी, काकू गेल्या.

आठ-दहा दिवसांनी काकांनी दुकान उघडलं. मशीनचा दांडा फिरल्याचा आवाज आला. ‘देवा’ ऐकू आलं, पुढे काही नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा ‘देवा’, आणि पुन्हा गप्प. माझं डोकं सणकलं. त्यांच्यावर नाही, ते ज्याला हाक मारत होते त्याच्यावर. उठून गेलो आणि म्हणालो, काका, आयुष्यभर नाव घेतलंत, शेवटी पदरात काय पडलं?

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा हात दांड्यावरच होता.

“तिला म्हटलं होतं, ठेवतो,” ते म्हणाले. “पण जड जातंय रे. तू थोडा बसशील? तुझा विश्वास नसला तरी चालेल. तू नुसता आकडा म्हण.”

दुकान मी तसंच उघडं टाकून आलो होतो. मी स्टूल ओढून घेतलं. ते ‘देवा’ म्हणाले आणि मी ‘एक’ म्हणालो. बहात्तरपर्यंत पोचायला आम्हाला फार वेळ लागला. मध्ये दोनदा थांबावं लागलं, एकदा त्यांच्यामुळे आणि एकदा माझ्यामुळे.