झेंडूचा हार आणि लोकरीचे धागे

दिलसुखनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ही पोरगी इंजिनिअरिंगला आहे. कुठलीही गाडी दिसली की तिच्या मागच्या बाजूवरून हात फिरवते आणि नाक मुरडते. "काका, पुढनं सगळेच सजवतात. हवा मागनं खेचते, तिकडं कुणाचं ध्यानच नाय." माझ्या स्कूटरला तर तिने केव्हाच नापास केलंय.

मैत्रिणींबरोबर तिने एका माणसापुरती गाडी बनवली. पुढून गोल, मागे निमुळती, थेट पाण्याच्या थेंबासारखी. हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून गाडीच्या अंगभर लोकरीचे धागे चिकटवले; हवा कुठे अडखळली की तिथले धागे फडफडणार.

दसऱ्याला कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पहिल्यांदा धावणार होती. पोरीच्या आईने पूजा करून गाडीच्या नाकावर झेंडूचा भलामोठा हार चढवला. पोरीने तो उतरवला. आईचा चेहरा पडला.

"गाडीवर नक्को आई, हवा अडते," म्हणत पोरीने हार स्वतःच्या गळ्यात घातला, आडवी होऊन आत शिरली आणि झाकण लावून घेतलं.

गाडी सुसाट आमच्या समोरून गेली. सगळे धागे अंगाला चिकटून निजलेले, एकही फडफडला नाही.

"बघितलं का?" तिची आई साऱ्या कॉलनीला सुनावत होती, "माझा हार आत हाय, म्हणून हवा गप हाय!"