शिक्का नसलेलं सर्टिफिकेट

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची देवावर श्रद्धा होती, पण देवळातल्या वायरिंगवर नव्हती. कुठलीही जोडणी स्वतः उकलून पाहिल्याशिवाय खरी मानायची नाही, हा त्यांचा धर्म. टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडण्यात उभी नोकरी घालवून ते निवृत्त झाले आणि आचोळ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. लोकांच्या खिशाला पेन असतं तिथे त्यांच्या खिशाला टेस्टर असायचा. बँकेत एका बाईंनी पेन मागितलं तेव्हा त्यांनी सवयीने टेस्टरच पुढे केला होता. लग्नाला गेले की अक्षता पडेपर्यंत मांडवात, आणि मग पंगत सोडून थेट जनरेटरपाशी. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी चहा यायच्या आत हॉलमधल्या स्विचबोर्डाचं झाकण उतरवलं. आई लाडू घेऊन बाहेर आली, तर पंखा बंद आणि पाहुणे घामाघूम. "वहिनी, अर्थिंगच दिलेलं नाही," काका शांतपणे म्हणाले. "आज नवग्रहांच्या जोडीला एक इलेक्ट्रिशियनपण बोलवायला हवा होता."

अशा माणसाच्या हाती माझं करिअर पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मी बी. एस्सी. झाले होते आणि फारशी बोलत नव्हते. कॉलेजच्या लॅबमध्ये एक दिवस सगळे कॉम्प्युटर बंद पडले होते. एक माणूस आला, कोणाशी एक शब्द न बोलता टेबलाखाली शिरला, आणि अर्ध्या तासात वीसच्या वीस कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू लागले. तेव्हाच मी ठरवलं, हे काम माझं. आईला ते पटेना. मावशीच्या शाळेत क्लार्कची जागा रिकामी होणार होती. वर्षभरात नोकरी लागली नाही तर मुकाट्याने तिथे जायचं, या अटीवर नेटवर्किंगचा एकच कोर्स करायची परवानगी मिळाली.

"मुलीच्या जातीने टेबलाखाली शिरायचं?" आईने काकांकडे गाऱ्हाणं नेलं.

"टेबलाखाली कोणाशी बोलावं लागत नाही, वहिनी," काका म्हणाले. "हिचा जन्मच त्यासाठी झालाय."

आणि मला न विचारता ते माझ्याबरोबर क्लासेस बघायला निघाले. त्यांचा प्रश्न सगळीकडे एकच असे, "तुमच्याकडे मोडलेलं काय आहे?" नालासोपाऱ्यातल्या पहिल्या क्लासमध्ये एसी होता, काचेचं दार होतं आणि कोट घातलेली एक मुलगी होती. "अंकल, आमच्याकडे सगळं ब्रँड न्यू आहे," ती अभिमानाने म्हणाली. "म्हणजे अजून कोणी हात लावलेला नाही," काका म्हणाले आणि उठले. बिचारीने आमच्यासाठी मागवलेलं थंड तसंच राहिलं.

वसई रोडला एका औषधाच्या दुकानावरच्या क्लासमध्ये मात्र ते हरखून गेले. उघडे डबे, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे पण मेलेले हब, वायरींची जाळी, आणि टेबलांखालून बाहेर आलेले विद्यार्थ्यांचे पाय. तिथल्या सरांशी त्यांनी तासभर केबल सोलण्यावर चर्चा केली. सरांनी नमुन्याचं सर्टिफिकेट दाखवलं, तर त्यावर दोन सह्या आणि वाटीएवढा गोल शिक्का. काकांनी तो बोटाने चाचपला. "ठरलं," ते जिना उतरताना म्हणाले. "उद्या फॉर्म भरायचा."

पण गेले तीन महिने मी पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती कापून वहीत चिकटवत होते. त्यातल्या बहुतेक जाहिरातींत एकाच आंतरराष्ट्रीय परीक्षेचं नाव होतं, आणि ती परीक्षा या सरांकडे नव्हती. तिची तयारी स्टेशनजवळचा, आम्ही आधीच पाहून आलेला तिसरा एक क्लास करून घेत होता. तिथे मोडकं काहीच नव्हतं, शिवाय त्या परीक्षेच्या सर्टिफिकेटवर शिक्काही नसतो हे ऐकून काकांनी तो नाव काढायच्या लायकीचाही ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते टेस्टरसकट तयार होऊन दारात आले. मी वही घेऊन उभी राहिले.

"काका, मी त्या सरांकडे जाणार नाही. मी तिसऱ्या क्लासला जाणार."

"तो बिनशिक्क्याचा?"

"हो."

"अगं, शिक्का नाही तो कागद खरा कशावरून? उद्या कोणीही छापेल."

"छापू दे. त्यावर एक नंबर असतो. कंपनीवाले तो नंबर कॉम्प्युटरवर टाकतात आणि परीक्षा खरंच दिली का ते स्वतः बघतात. कागदावर कोणी विश्वास ठेवतच नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी एवढं सलग बोललेलं तिने बहुधा दहावीच्या तोंडी परीक्षेनंतर ऐकलं नव्हतं. काकांनी वही घेतली, एकेक जाहिरात बोट ठेवून वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "विश्वासच ठेवत नाहीत? मग माणसं कामाची आहेत."

मोडक्या सामानाची उणीव त्यांनी स्वतः भरून काढली. भंगारवाल्याकडून दोन हब आणि पोतंभर केबल आणली. दर रविवारी सकाळी ते केबलीत कुठेतरी बिघाड करून ठेवत आणि मी तो शोधायचा. आतली एकच तार तोडून वरचं आवरण इतकं सफाईने चिकटवत की मला रडू यायचं. "बाई, रडल्याने लाईन जोडली जात नाही," ते चहा ओतत म्हणत. मी पुन्हा पहिल्या टोकापासून सुरू करायची. नव्या वर्षात परीक्षेला बसले तोपर्यंत माझ्या अंगठ्याला घट्टा पडला होता. पास झाले. दोन महिन्यांनी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळायची नोकरी लागली. शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

काका मुलाकडे पुण्याला कायमचे जायला निघाले, त्याआधी माझ्या एका सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मी त्यांना कारखान्यात नेलं. सर्व्हरच्या छोट्या खोलीत ते स्टुलावर बसले. कशालाही हात न लावता त्यांनी विचारलं, "याला कान लावला तर काय ऐकू येतं?"

"काहीच नाही, काका."

"आम्ही लाईन जोडली की क्षणभर कान लावायचो. ऐकायचं नसतं, पण चालू आहे का ते कळायला हवं ना. कोणी पोरगी झाल्याचं सांगत असायचं, कोणी नुसतंच हॅलो हॅलो करत असायचं." ते माझ्याकडे वळले. "तुला कसं कळतं?"

मी हबवरचे हिरवे दिवे दाखवले. ते लुकलुकत होते. काका बराच वेळ पुढे वाकून त्यांच्याकडे बघत राहिले.

"बोलतंय कोणीतरी," ते हळूच म्हणाले.

गोदामातून माल मोजल्याची यादी येत होती. मी त्यांना ते सांगितलं नाही.